मासेमारीच्या आठ कळा

मुलुंडला स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका जिन्याखाली माझं टायपिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला एक स्टूल. प्रतिज्ञापत्रं, सोसायटीचे ठराव, अर्ज, लग्नपत्रिकांचा मजकूर, जे येईल ते करते. या धंद्यात माझा वेळ कोणी वाचवला असेल, तर दोन-तीन फुकटच्या, एवढ्याएवढ्याशा प्रोग्रॅम्सनी. ते लिहिणारी माणसं कोण, कुठली, मला माहीत नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला प्रोग्रॅम भाचीनं बसवून दिला. दोन अक्षरं टाकली की अख्खं वाक्य उमटतं. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की’ हे दिवसातून दहादा लिहावं लागणाऱ्या बाईला याचं मोल कळतं. मी हावरटासारखे शॉर्टकट भरत सुटले. ‘वर’ लिहिलं की ‘वर नमूद केल्याप्रमाणे’ यावं, अशीही सोय केली. आठवड्याभरात एक लग्नपत्रिका आली. मुलाच्या नावावर मधोमध ‘वर’ असं लिहायचं होतं. मी लिहिलं, प्रिंट काढली, न बघता दिली. मुलाचे वडील पुन्हा दारात.

“मॅडम, आम्ही मुलाचं लग्न ठरवलंय. ठराव नाही मांडलेला.”

त्यांच्या बायकोनं कागद ओढून घेतला. “अहो, पण वधू नीट आलीय ना? मग झालं तर. हा काय, कुठेही नमूद असला तरी चालेल.”

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक शॉर्टकटच्या आधी अर्धविराम असतो, तो नसेल तर शब्द जसाच्या तसा राहतो. मनगटाचं दुखणंही त्या वर्षात थांबलं. डॉक्टरनं पट्टा दिला होता, तो कपाटात पडून आहे.

मग फायली शोधणारे दोन. एक नावावरून शोधतो, त्याचाच भाऊ म्हणावा असा दुसरा, फायलीच्या आतला शब्द शोधून देतो. माझ्यासारखीला तो हवाच, कारण फायलींना नावं देण्यात मी महाआळशी. ‘वंशावळ नवीन’, ‘वंशावळ फायनल’, ‘फायनल खरी’.

गेल्या वर्षी एक कोळीण बाई मुलीला घेऊन आली. पाटी बाहेर ठेवली आणि स्टुलावर बसली.

“ओळखलंस का गं बाय? माझ्या सासऱ्याची वंशावळ तूच टाईप केलीस.”

“कधी?”

“ही बालवाडीत होती तेव्हा.”

‘ही’ आता बारावी पास होऊन शेजारी उभी होती. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतली नोंद हवी होती. घरात त्या नोंदीची नक्कल होती, वंशावळही होती. दोन्ही वाळवीनं खाल्ल्या. आजोबांची शाळा बंद पडून दुसरीत मिसळली होती. तिथे सांगितलं, रजिस्टरचा नंबर आणा, मग नोंद काढून देतो. नंबर सांगणारे आजोबा आता नव्हते.

“पाच दिवसांत अर्ज नाही गेला तर सीट जाणार,” मुलगी म्हणाली. आवाज स्थिर होता, पण ओढणीचं टोक बोटांना गुंडाळून पार दोरी झालं होतं.

नंबर वंशावळीच्या त्या प्रतिज्ञापत्रात असणारच होता. तो घेतल्याशिवाय मी पुढचं वाक्य टाईप करत नाही. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क मी जपून ठेवली होती, ती जोडली. नावावरून शोधलं, तर वंशावळींचा ढीग आला. मग आतला शब्द शोधणारा प्रोग्रॅम लावला आणि त्यांचं आडनाव टाईप केलं. एकही फाईल नाही. गावाचं नाव टाकलं. नाही.

“नाय गावला?” बाई म्हणाली.

“थांब जरा.”

“तूच केलीस ना गं? की मी भलत्याच दुकानात आले?”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्या काळी आम्ही जुन्या मराठी फॉन्टमध्ये काम करायचो. कागदावर मराठी दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या पोटात नुसती इंग्रजी अक्षरं असायची. मराठी फक्त वरचा सदरा. मी आजच्या मराठीत कितीही हाका मारल्या, तरी त्या फायलींना त्या कळणार नव्हत्या.

मी कळफलक इंग्रजीवर नेला. आडनाव त्यांचं निम्म्या कोळीवाड्याचं, त्यानं पुन्हा ढीगच आला असता. पण माझ्या दुकानात वंशावळीत व्यवसाय ‘मासेमारी’ लिहिणारी घरं थोडी. डोळे मिटले आणि मराठी टायपिंगच्या क्लासात शिकवल्यासारखा, त्याच जुन्या कळांवर, तो शब्द बोटांना लिहू दिला. ई, के, एल, एस, ई, के, जे, एच. पडद्यावर कचरा दिसत होता. एंटर मारलं.

सहा फायली आल्या.

मुलगी ओणवी झाली. “हे काय आलंय?”

“मराठी आहे. दम धर.”

त्याच डिस्कवर जुना फॉन्ट शोधला, बसवला. चौथ्या फायलीत तिच्या आजोबांचं नाव होतं. खाली शाळा, गाव, इयत्ता, रजिस्टरचा नंबर. मुलीनं फोटो काढला, तरी मी प्रिंट दिलीच.

“माझ्या सासऱ्याचं नाव कुठं हाय?” बाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मी पडद्यावर बोट ठेवलं.

“एवढुसं?” ती म्हणाली. मी अक्षर मोठं केलं. ती बघत राहिली, मग मुलीला ढोसून म्हणाली, “चल गो, शाळेचं हापिस बंद होईल.”

तिसऱ्या दिवशी बाजारातून तिचा फोन आला. मागे नुसता गलका. “गावली गं बाय! नोंद गावली!” अर्ज मीच टाईप केला, एक दिवस हातात ठेवून.

मुलीला प्रवेश मिळाल्यावर मी त्या शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या पानावरचा पत्ता काढला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. जुना फॉन्ट म्हणजे काय हे समजावण्यात अर्धं पान गेलं. शेवटी लिहिलं, तुम्हाला माहीत नसेल, पण आमच्याकडे एक मुलगी नर्स होते आहे.