बोल्ट पाहायला दवनीवाड्याला

रिक्षावाल्याने माझी पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"इसमें क्या है, बाबूजी?"

"बोल्ट."

"बंबई से गोंदिया बोल्ट लाए?" तो हसला. "यहाँ तो बनते हैं."

"तेच पाहायला आलोय."

त्याने पिशवी माझ्या पायांत ठेवली. वजन पुढे असले की उतारावर गाडी पळते, उतरायचे ठिकाण लवकर येते, असे म्हणाला. स्टेशनापासून धर्मशाळेपर्यंत उतार कुठेच नव्हता. आठ आणे घेतले. नवे पैसे आले तरी इथे अजून आणेच बोलतात. दोन्ही खिशात ठेवावेत.

मुंबईहून रात्रीची कलकत्ता मेल धरली तर दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गोंदिया येते. नागपूरनंतर डब्यातले मराठी कमी होते आणि खिडकीबाहेर कापलेले धान सुरू होते. धर्मशाळेत खाट मिळते, गादीचे वेगळे पडतात. गादी घेऊ नये. खाट बरी आहे.

माझ्या पिशवीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मी ज्या कचेरीत काम करतो, तिथे परदेशी मालावरच्या जकातीचा फेरविचार होतो. बाहेरचे काही कारखाने आपल्या घरी ज्या भावाने बोल्ट विकत, त्याहून कमी भावाने ते आपल्या बंदरात उतरवत होते. इथले छोटे कारखाने बुडू लागले, तेव्हा सरकारने जादा जकात बसवली. तिची मुदत आता संपत होती. ती ठेवायची की काढायची, हा प्रश्न होता. माल मागवणाऱ्या व्यापाऱ्यांचे म्हणणे, खेड्यातल्या गाडीवानाला विलायतीच बोल्ट हवा. देशी बोल्टाचे आटे दोन खड्ड्यांत जातात, मग नट पुढेही फिरत नाही आणि मागेही. गोंदियाच्या तुरकर नावाच्या कारखानदाराने उलट लिहिले होते : खोटे आहे, येऊन पाहा. साहेबांनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले.

"जा. पाहून ये."

तुरकरांचा कारखाना कुडव्याला, गावाबाहेर. एके काळच्या धानगिरणीची शेड. एक भट्टी, दोन लेथ, चार माणसे. कोपऱ्यातल्या कोंड्याचा वास अजून गेलेला नाही. तुरकर चाळिशीचे, बारीक, हातांना तेल. हात पुसून नमस्कार केला, तरी तेल राहिलेच.

बैलगाडीचा लोखंडी आस वरच्या लाकडाला ज्या बोल्टांनी धरून ठेवलेला असतो, ते बोल्ट ते करतात. त्यांच्या बोल्टाचे डोके चौकोनी, घणाने ठोकलेले. विलायतीचे सहा कोनी, वर अक्षरे कोरलेली. दुरूनही फरक कळतो.

"जकात गेली तर?" मी विचारले.

"भट्टी थंड. शेडमध्ये पुन्हा धान भरीन." त्यांनी लेथवरच्या माणसांकडे हात केला. "धानाला पहारेकरी पुरतो. ही चार माणसं लागत नाहीत. मीबी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी कामठ्याचा बाजार होता. तुरकर बरोबर येतो म्हणाले. मी नको म्हणालो. ज्याची चौकशी त्यानेच वाट दाखवली तर चौकशी कसली? स्टेशनासमोर सायकल भाड्याने मिळते. घंटी वाजते का ते पाहू नये, ब्रेक पाहावा. रस्ता मुरमाचा, पण सपाट. कापलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, लाखोळीची डाळ उगवलेली असते आणि हिवाळ्यात तिला निळी फुले येतात. मैलच्या मैल निळे. हे मला कुणी सांगितले नव्हते. पायडल मारायचे मी दोनदा विसरलो.

बाजारात आलूबोंडा खाल्ला. त्याच्यासोबत तळलेली मिरची देतात. ती शोभेची नाही. डोळ्यांतले पाणी पुसत मी पहिल्या गाडीवानाकडे गेलो. त्याचे नाव सुकलाल, मिशा पांढऱ्या, आवाज ढोलासारखा. मी एका तळहातावर चौकोनी बोल्ट ठेवला, दुसऱ्यावर सहा कोनी.

"यातला तुम्हाला कोणता हवा?"

त्याने माझ्याकडे पाहिले, बोल्टांकडे पाहिले, माझ्या वहीकडे पाहिले.

"सरकारी हाये काय जी तुमी?"

"हो."

"मंग हा." त्याने विलायतीवर बोट ठेवले. "नाव लिहा. सुकलाल. गाड्या दोन हायेत."

शेजारचाही विलायती म्हणाला. त्याच्या पलीकडचाही. मातीची मडकी विकणारी बाईसुद्धा गर्दीतून पुढे आली आणि विलायती म्हणाली. तिच्याकडे गाडी नव्हती. दुपारपर्यंत वहीत एकही देशी नव्हता. व्यापाऱ्यांनी इतकी अपेक्षा स्वतःही केली नसेल.

परतताना कुडव्याला सायकल पंक्चर झाली. पंक्चरवाल्यानेही विलायतीच सांगितला. शेडच्या दारात तुरकर उभे होते. मी वही पिशवीत टाकली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "उद्या दवनीवाड्याला पट आहे. आमची जोडी धावणार आहे. या."

पट म्हणजे शंकरपट. धान घरात आले की या भागात बैलांच्या शर्यती भरतात. शेजारी शेजारी आखलेल्या दोन वाटा, दोन हलके छकडे, दोन जोड्या. पटाच्या दिवशी बस मिळाली नाही तरी बिघडत नाही, सगळा रस्ताच पटाला चाललेला असतो. कुणाच्याही गाडीत चढावे. मला सुकलालने उचलले, त्याची दुसरी गाडी मागून येत होती. त्याच्या गाडीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यावर त्याची सून, दोन नातवंडे आणि तिळाच्या लाडवांची हंडी. लाडू मला तीन मिळाले.

सुकलाल प्रत्येक गाडीला ओरडून सांगत होता, "हेच ते बोल्टवाले साहेब!"

आणि दुसऱ्या गाड्यांतून उत्तर येई, "आमचंबी नाव लिहा जी! विलायती!"

मी विचारत नव्हतो, तरी उत्तरे येत होती. मला बरे वाटेना.

दवनीवाड्याला तुरकरांची थोरली बहीण राहते, देवकाबाई. नवरा गेल्यावर शेती तिनेच सांभाळली, शर्यतीची जोडीही तिचीच. तिने मला ओट्यावर बसवून चिन्नोर तांदळाचा भात, वांग्याची भाजी आणि लाखोळीचे वडे वाढले. चिन्नोर शिजत असला की वास गल्लीपर्यंत जातो, जेवायचे घर विचारावे लागत नाही. मी तिसरा वडा घेतला तेव्हा ती म्हणाली, "वाटप कधी होऊन राह्यलं साहेब?"

"कसले वाटप?"

"बोल्टाचं. कामठ्याहून कालच सांगावा आला. सरकार गाडीमागं बोल्ट वाटून राह्यली, जो सांगाल तो. फुकट."

वडा माझ्या हातात राहिला.

"अन् फुकटात भेटते त महागाचाच मांगन ना माणूस," ती म्हणाली. "मीबी तेच सांगणार होती. भावाचा काय, तो घरचाच हाये."

मी हसू लागलो. मला थांबता येईना. ती आधी रागावली, मग तीही हसली.

पटाच्या जागी लाकडी मंचावरून शर्यती पुकारतात. मी पुकारणाऱ्याकडून भोंगा मागितला आणि सगळे सांगितले. वाटप नाही. जकात म्हणजे काय. ती गेली तर विलायती बोल्ट स्वस्त होईल आणि कुडव्याची भट्टी विझेल.

मग सुकलाल ओरडला, "असं हाय काय! मंग देशी लिहा! गाड्या दोन!"

"देशी! आमचाबी देशी!"

"तुरकर आपला पोट्टा हाये जी!"

एका दमात सगळा पट देशी झाला. तुरकर मंचाखाली उभे होते. त्यांचे डोळे भरले. मी मात्र वही मिटली. कालची उत्तरे फुकटाच्या आशेने आली होती, आजची शेजाराच्या मायेने. साहेबांपुढे दोन्ही ठेवता येत नव्हती.

मग मी जिथे गाड्या सोडल्या होत्या तिकडे गेलो. शेकडो असतील, जू जमिनीला टेकवून, मागे बैल रवंथ करत. मी पहिलीखाली आडवा झालो आणि वर पाहिले. चौकोनी. दुसरी. चौकोनी. काही बोल्ट इतके जुने की कोन झिजलेले, पण चारच. मध्येच एखादा सहा कोनी दिसे, मग पुन्हा चौकोनी. पाठीला तणस टोचत होते, ऊन छान होते. एक म्हातारा वाकून म्हणाला, "मेला काय जी?" कुणी तरी म्हणाले, "नाही, सरकारी हाये." माझ्यामागे पोरांची रांग लागली होती, तीही प्रत्येक गाडीखाली झोपत होती.

धानाच्या गाडीला देशी. विचारले तर विलायती म्हणणाऱ्या सुकलालच्या दोन्ही गाड्यांना देशी.

रांग संपली तिथे शर्यतीचे छकडे उभे होते. पहिला निळा रंगवलेला, आरसे लावलेले. खाली गेलो. दांडी आणि आस जिथे मिळतात, तिथे एकच मोठा बोल्ट असतो. त्याला सहा कोन होते. अक्षरेही होती.

"कुणाचा छकडा?" मी खालूनच विचारले.

मला दोन पाय दिसले, तेलकट. मी बाहेर आलो.

"तो शर्यतीचा आहे," तुरकर म्हणाले. "जुना आहे. जकातीच्या आधीचा. भीती वाटली म्हणून... माणूस बसतो यात, साहेब."

"धानाच्या गाडीतही माणूस बसतो."

एवढ्यात देवकाबाई पोचली. तिने छकड्याकडे पाहिले, भावाकडे पाहिले. तिला काही सांगावे लागले नाही.

"दुनियेले आपला विकते, अन् माह्या बैलाले परका लावते? काऊन रे?"

"बाई, पट झाल्यावर बोलू."

"पट होतच नाही. माही जोडी जुपत नाही मी. आधी तो काढ."

लोक जमले. पुकारणाऱ्याने तुरकरांचे नाव घेतले, पुन्हा घेतले. तुरकरांच्या पिशवीत त्यांचे स्वतःचे बोल्ट होते, मला दाखवायला आणलेले. त्यांनी एक निवडला, ठेवला, दुसरा निवडला. तो बसवून पाना लावला. शेवटचा पीळ मारून ते उठले आणि हाकणाऱ्याला, इथे त्याला धुरकरी म्हणतात, म्हणाले, "तू उतर. मी बसतो."

आता भट्टी, शेड, चार माणसे, सगळे त्या एका बोल्टावर होते, आणि त्यावर ते स्वतः.

झेंडी पडली. जोडी सुटली ती मला दिसलीच नाही, फक्त धूळ दिसली. देवकाबाई माझा दंड धरून ओरडत होती. अर्ध्या वाटेवर आमची जोडी पुढे होती. मग डावा बैल भोंग्याला बुजला. छकडा वाटेबाहेर गेला, शेताच्या बांधावर चढला आणि उडाला. दोन्ही चाके हवेत गेल्याचे मी स्पष्ट पाहिले. तो आपटला, एका बाजूला कलला, सरळ झाला आणि लाखोळीतून तसाच पळत राहिला. दुसरी जोडी केव्हाच जिंकली होती.

तुरकर परत आले ते निळ्या फुलांत माखून, हसत. धोतर फाटले होते.

"हरला ना बे!" कुणी तरी ओरडले.

"हरलो!" ते ओरडले. त्यांना इतक्या आनंदाने हरलेले कुणी पाहिले नसेल.

त्यांनी पाना मागितला, बोल्ट काढला आणि माझ्या हातात दिला. तो गरम होता. "आधीच्या बोल्टाचंबी लिहाल काय?" त्यांनी हळूच विचारले.

"आधी सहा कोनी होता, शर्यतीत चौकोनी. दोन्ही लिहीन."

त्यांनी मान हलवली. "लिहा. खरं आहे."

निघताना देवकाबाईने चिन्नोरची पोटली बांधून दिली. सरकारी माणूस म्हणून मी पैसे पुढे केले. "पाहुणा पैसे देते काय?" म्हणून ती भडकली. शेवटी सुकलालने निवाडा केला : पैसे घ्यायचे आणि त्यांचे लाडू घेऊन साहेबाला द्यायचे. ते लाडू मी वर्ध्यापर्यंत खाल्ले.

गोंदियाला जायचे तर हिवाळ्यात, लाखोळी फुललेली असताना जावे. पट कुठे आहे ते कुठल्याही चहाच्या दुकानात कळते. कुणाला काय आवडते असे फारसे विचारू नये, वाकून पाहावे. मला त्या प्रवासातले सगळ्यात जास्त गाड्यांच्या खालून दिसलेले आकाश आठवते. घरी पोचलो त्या संध्याकाळी बायकोने चिन्नोर शिजवला. शेजारच्या तीन खोल्यांतले लोक काही ना काही निमित्त काढून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अहवाल साहेबांपुढे ठेवला आणि त्यावर बोल्ट ठेवला. त्यांनी अहवाल पूर्ण वाचला, सहा कोनी बोल्टाचा भाग पुन्हा वाचला. मग बोल्ट उचलला आणि नट बोटाने फिरवला. तो शेवटपर्यंत गेला आणि परत आला. "जकात राहावी, असे लिहू," ते म्हणाले, आणि चहा मागवला.