सुनंदाच्या नावाची ताटे

वस्तूवर छापलेले नाव किती काळ टिकते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. प्रश्न मूळचा माझा नव्हे. कसालच्या बाजारात बाबलचे छपाईचे दुकान होते. तिथे येणारे प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारी, आणि बाबल मान वर न करता उलट विचारी, "कशार छापूचा? आणि कोणाच्या हातात जातला ता?"

त्याचे दुकान माझ्या घराला लागून. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या दुपारी तिथेच जात. तिथे मला जे समजले ते थोडक्यात असे. पेनसारख्या लहान, गोल वस्तूवर शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून टेकवतात. कापडी पिशवीवर ती ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने ओढतात. कपावरचे चित्र आधी कागदावर छापून मग उष्णतेने कपाच्या लेपात उतरवतात. टोपीवर भरतकाम उत्तम. स्टीलला मात्र दोन वाटा आहेत: एक तर लेसरने कोरायचे, नाहीतर शाईने छापायचे. शाईत हार्डनर मिसळून ती भट्टीत भाजली, तरच ती स्टीलला घट्ट धरते.

बाबलची जीभ तिखट होती. एकदा निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ कपांवर स्वतःचे नाव छापून घ्यायला आले. "टिकेल ना हो?" त्यांनी शुद्ध मराठीत विचारले. बाबल म्हणाला, "तुमच्यापेक्षा जास्ती टिकतला, साहेब." गृहस्थ हसले. मागणीही देऊन गेले.

प्रत्येक नमुन्याची परीक्षा त्याची बायको सुनंदा घेई. दुकानामागेच त्यांचे स्वयंपाकघर होते. बाबल दारातून नमुना आत देई आणि ती तो नारळाच्या सोडणाने, राख लावून, रोजच्या भांड्यांबरोबर घाशी. मग आतून निकाल येई. "गेला ह्या! शाई नीट भाजलास काय, की मास्तरांवांगडा गजाली मारीत बसलास?" बाबल माझ्याकडे बघे. "ऐकलास, मास्तरांनू? तुमका पण मार्क गावले." नमुना पुन्हा छापला जाई.

सुनंदा तापाचे निमित्त होऊन गेली. सुतक फिटताच बाबलने दुकान उघडले. अर्धवट राहिलेल्या टोप्यांचे काम पुरे केले. तो रडला नाही. एका दुपारी त्याने बाटलीवर नाव छापले, ती घेऊन आतल्या दाराशी गेला आणि हात पुढे करून थोडा वेळ उभा राहिला. मग परत येऊन बाटली फळीवर ठेवली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ देवळाला ताटे देण्याची रीत आहे. समाराधनेला त्याच ताटांत गाव जेवतो. बाबलची मुलगी मेघना पुण्याहून आली होती. ताटे तिनेच आणली. त्यांवर आईचे नाव लेसरने कोरून घ्यावे, अशी तिची इच्छा होती. आईचे म्हणून गावात एवढेच मागे राहणार होते. बाबल म्हणाला, "मी छापतंय." तिला वाटले, वडिलांना स्वतःच्या हाताने करायचे असेल. तिने होकार दिला.

त्याने जाळी बसवली, शाई घेतली. हार्डनरचा डबा उघडलाच नाही. दुःखात विसरला असेल, असे समजून मी म्हणालो, "बाबल, हार्डनर राहिला."

"रवलो नाय. घालूचो नाय तो."

मेघनाने पट्टी धरलेला त्याचा हात पकडला. "बाबा, अशान नाव म्हयनाभर तरी रवतला काय? आईचा नाव कित्या पुसूक लावतास?"

बाबलने पट्टी खाली ठेवली. "तुझी आवस समाराधनेक ताटा घासूक जाय. ठाऊक आसा मा तुका? घासताना एकेक नाव वाची. घराक येऊन सांगी, 'कोण खंयचे म्हातारे, मरान गेले, तरी पंक्तीक मांडतत त्यांका आणि आमी घासतंव. कोणी तरी सोडा रे ह्यांका.'" त्याने पट्टी पुन्हा उचलली. "तिका मी मांडूचंय नाय. ताट रवांदे. नाव जांवदे."

मेघनाने हात सोडला. ताटे छापून झाली, तेव्हा तिने त्यातले एक उचलले, साडीत गुंडाळले आणि बॅगेत ठेवले. बाबलने ते पाहिले. उरलेली ताटे त्याने देवळात पोचवली.

पुढल्या वर्षीच्या समाराधनेला आम्ही पंक्तीत शेजारी बसलो. त्याच ताटांचा गठ्ठा आमच्या पंक्तीला आला. घडणीवरून ती ओळखू येत होती. बाबलने आपले ताट उचलून उजेडाकडे तिरके धरले. बराच वेळ फिरवून बघितले.

"मास्तरांनू, तुमका काय दिसता?"

मी चष्मा पुसून पाहिले. "काही नाही," मी म्हणालो.

वाढपी भात घेऊन समोर आला. बाबलने ताटावर आडवा हात धरला. "रव जरा." वाढपी थांबला. मागची माणसे हाका मारू लागली, "फुडे चल रे!" बाबलने हात काढून घेतला. "घाल," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने दुकान बंद केले. आता तो पुण्यात मेघनाकडे असतो. साडीत गुंडाळलेले ताट तिच्या कपाटात आहे. त्यावरचे नाव अजून स्पष्ट वाचता येते, असे ती फोनवर सांगते. बाबलने ते अजून मागितलेले नाही.

एकच शाई, एकच दिवस, एकच हात. देवळातले नाव गेले, कपाटातले राहिले. माझ्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर एवढेच आहे, आणि एका उदाहरणावरून नियम काढू नये असे मी वर्गात शिकवत आलो. तुमच्याही घरात कोणाच्या तरी स्मरणार्थ मिळालेले भांडे असेल. ते काढा, उजेडात तिरके धरा आणि स्वतः तपासून पाहा.