आवाज ठेवलेला पेनड्राइव्ह

आमच्या ह्यांना बसस्थानकावर सगळे भोंगा म्हणायचे. उभं आयुष्य गाड्यांच्या घोषणा करण्यात गेलं, आणि घरीही तोच थाट. सकाळी उठले की ओरडायचे, "चहा फलाट क्रमांक एकवर येत आहे का?" मी आतून म्हणायचे, "गाडी रद्द झालीय, गप बसा!" आणि चहा टाकायचे.

मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी ह्यांनी खोलीचं दार लावून, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून रजई घेऊन, संगणकात वाक्यांमागून वाक्यं बोलून ठेवली. त्यावरून एक प्रोग्रॅम ह्यांच्याच आवाजात बोलणार होता, ह्यांनी नुसतं टाइप करायचं.

ऑपरेशन झालं. पण तो प्रोग्रॅम संगणकाच्या नव्या सिस्टिमवरच चालायचा आणि माझं भरतकामाचं मशीन जुनी सोडायला तयार नाही. जावई फोनवर म्हणाले, "एकाच संगणकात दोन्ही सिस्टिम टाकू शेजारी शेजारी. चालू करताना विचारेल, कुठली हवी. सीडी घालायची सोय नसली तरी नवी सिस्टिम पेनड्राइव्हवरून टाकता येते. फक्त डिस्कवर जागा करा, आणि जपायचं ते बाहेर काढून ठेवा."

मी म्हटलं, माझे जुने नमुने पुसा की. ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुझ्या पोटावर पाय नको.' स्वतःचा आवाज पेनड्राइव्हवर घेतला आणि डिस्कवरून पुसून टाकला.

रविवारी जावई आले. ह्यांना कोण घाई! सकाळीच आपला पेनड्राइव्ह संगणकाला लावून बसलेले. जावयांनी शेजारी स्वतःचा कोरा लावला, नवी सिस्टिम आधी त्यावर भरायची होती. दोन्ही एकाच कंपनीचे, पडद्यावर नाव तेच. डिस्कला धक्का लागू नये म्हणून बिचाऱ्यांनी तीनतीनदा तपासलं. पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसला जाईल, अशी सूचना आली, तर 'हो' म्हटलं.

पलंगावरून ह्यांना आपल्या पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकताना दिसला. ओरडणार कशानं? पेल्यावर चमचा बडवायला लागले. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "आले, आले! चार हात आहेत का मला?" आणि पाणी घेऊन गेले. पाणी उडवून हे धडपडत उठले, पेनड्राइव्ह उपटला. तोवर सगळं गेलं होतं.

जावई पांढरेफटक पडले. "बाबा, मला वाटलं तो माझा..." ह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझं काही एवढं मोठं मन नाही. मी जावई-बिवई न बघता तोंडाला येईल ते बोलले, रडत बोलले. दुरुस्तीवाल्यानं सगळं ठेवून घेतलं आणि शेवटी मान हलवली. पेनड्राइव्हवर काही नाही, डिस्कवरही काही नाही.

आता संगणक चालू केला की विचारतो, कुठली सिस्टिम. जुनी माझी, नवी ह्यांची; तिच्यात प्रोग्रॅमबरोबर आलेला तयार आवाज. पहिल्या सकाळी मी ओट्यापाशी होते. बाहेर कळा खटखटल्या आणि कुणीतरी परक्या, सपाट आवाजात म्हणालं, "चहा फलाट क्रमांक एकवर येत आहे का?"

गप बसा म्हणायला माझं तोंडच उघडेना. मी मुकाट्यानं चहा टाकला.