वायरमन मामाचं नाक आणि भाचीची डबी

चाळीस वर्षं वायरमन घरोघरी फिरला तो हत्यारांपेक्षा नाकाच्या जोरावर. भिंतीआड वायर तापली की धूर निघण्याआधी तिच्या प्लास्टिकला मासळीसारखा वास सुटतो. घरच्यांना तो कळेपर्यंत बोर्ड काळा पडलेला असे. वायरमन मात्र दारातच थबकून म्हणे, "गिझरचा मेन बंद करा." लोक त्याला देव मानत. त्यालाही ते चांगलंच मानवलं होतं.

मग त्याच्याच हाताखाली टेस्टर धरायला शिकलेल्या भाचीनं तिच्या ऑफिससाठी काडेपेटीएवढी डबी बनवली. हवेतली वाफ हुंगून ती आग लागण्याआधीच ओरडे. वायरमनला पोटशूळ उठला.

"माझं नाक काय गंजलंय?" त्यानं बायकोला विचारलं.

"गंजलं नाही, मिरच्या झोंबल्यात त्याला."

भाचीनं चाचणीला त्यालाच बोलावलं. "मामा, तुझं नाक हेच माझं माप. वास आला की बटण दाब. मी डबी तुझ्या बरोबरीला आणते."

पडद्यामागे ती एक वायर हळूहळू तापवायची. पहिल्या दिवशी डबीचा दिवा लागला, तेव्हा मामाला वासाचा पत्ताच नव्हता. तो आला सहा मिनिटांनी. सहा! भाचीनं मात्र 'मामाला सर्दी असेल' म्हणून तो आकडा खोडला.

दुसऱ्या दिवसापासून पडद्यामागे वायर तापवायच्या बटणाचा खट् आवाज झाला की मामा मनात शंभर मोजी आणि आपलं बटण दाबी. दरवेळी डबीच्या आधी.

"मामा, तू यंत्राला लाजवलंस!" भाची आनंदानं म्हणाली आणि तिनं डबी आणखी तेज केली. मामा त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

तशा बारा डब्या एका इमारतीत लागल्या. कांदा परतला, ओरडली. फरशी पुसली, ओरडली. कुणी अत्तर लावलं, तरी ओरडली. सहाव्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींनी भाचीला आणि वायरमनला बोलावलं.

"पोरी, ही डबी आहे की सासू? काही केलं तरी कुरकुर! काढून ने सगळ्या. आम्हाला आपलं यांचं नाकच बरं."

हेच ऐकायला वायरमनचे कान आसुसले होते. मनातून तो सुखावलासुद्धा.

भाची स्टुलावर चढली आणि पहिला स्क्रू सोडवू लागली. "दोष माझाच, काका. मामाच्या नाकाची बरोबरी करायला गेले. आता ऑफिसही हे काम बंद करेल."

हरतानाही ही पोरगी आपल्यापेक्षा उंच दिसते, याचाही वायरमनला हेवा वाटला. मग त्याला तिथं उभं राहवेना.

"थांब. मी वास घेतच नव्हतो. खट् ऐकून शंभर मोजत होतो."

स्क्रूड्रायव्हर थांबला. "आणि पहिल्या दिवशीची सहा मिनिटं?"

"ती खरी."

"सर्दी?"

"नव्हती."

भाची खाली उतरली. मामाकडे न बघता सेक्रेटरींना म्हणाली, "काका, एक आठवडा द्या. पुन्हा मोजून लावते." मग मामाला म्हणाली, "उद्या दहाला ये. कानात कापूस घालून."

सेक्रेटरी खो खो हसले. वायरमन जिना उतरू लागला. डबीनं आधी दिलेल्या सहा मिनिटांत म्हातारी माणसंसुद्धा हा जिना उतरून रस्त्यावर येतील, हे त्याला पटत होतं. पोटातली जळजळ मात्र तशीच होती.