साडूंचा हात

जगातल्या प्रत्येक गाण्याला मालक असतो आणि तो उदगीरच्या लग्नांवर डोळा ठेवून बसलेला असतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे. ते म्हणजे आमचे मोठे साडू. धंदा आडतीचा, पण मुलगी लग्न होऊन जर्मनीला गेली आणि पाठोपाठ त्यांची बायको, माझी मेव्हणी, वारली, तेव्हापासून घराण्यातलं प्रत्येक कार्य मोबाइलवरून लाइव्ह दाखवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. मुलीला घर दिसत राहावं, एवढाच हेतू.

एका पुतण्याच्या लग्नात बँडने सिनेमाचं गाणं धरलं आणि ऐन अक्षतांच्या वेळी लाइव्ह बंद पडलं. गाण्याच्या मालकाचा हक्क, असं काहीतरी मोबाइलवर उमटलं. लगेच मुलीचा फोन आला, "आप्पा, समदं गायब झालं की!" तेव्हापासून साडूंनी गाण्यांशी उभं वैर धरलं. वरातीपुढे पळत जाऊन ते बँडवाल्याला विनवत, "मास्तर, बिनमालकाचं कायतरी वाजवा की!" एकदा मास्तरने वैतागून आरती सुरू केली, तर नाचणारी पोरं हात जोडून उभी राहिली. मग साडूंनी सोपा उपाय काढला. कुठेही सूर लागला की यांचा डावा पंजा मोबाइलच्या माइकवर. पंगतीत कुणाच्या खिशातला फोन गायला लागला, तरी ते त्या खिशावर झडप घालत. एकदा व्याह्यांच्याच खिशावर घातली आणि वर म्हणाले, "राग मानू नका, लाइव्ह चालू हाय."

यंदा त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. जर्मनीतल्या मुलीचे दिवस भरत आलेले, येणं शक्यच नव्हतं. तिने एकच मागणं केलं, "बाकी काय ऐकू न्हाई आलं तरी चालंल आप्पा, आईचं हळदीचं गाणं तेवढं ऐकवा." ते गाणं कानडी, मेव्हणीच्या माहेरचं, भालकीकडचं. तिच्यामागे ते येणारी एकच, तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको. हळदीला ती गायला बसली. पहिल्याच ओळीला साडूंचे डोळे भरले. मला तर वाटलं, मेव्हणीच आत येऊन बसली. गाणं संपेपर्यंत मांडवात कुणी हललं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्पीकरवर टाकला, तर पलीकडे मुलगी रडत होती. "काका, मावशीचे नुसते ओठ हलले. आवाजच न्हाई आला."

साडूंनी खाली पाहिलं. पंजा माइकवर होता.

"सवयीनं गेला गं माय हात," म्हणत त्यांनी पंजा उचलला.

बायकोने पदराने डोळे टिपले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. न जाणो, म्हणून मी साडूंचा डावा हात माझ्या हातात धरून बसलो. शेवटची ओळ झाल्यावर फोनमधून मुलीचा आवाज आला, "आप्पा, ह्या गाण्याला मालक न्हाई ना?"

"होती की मालकीण," साडू म्हणाले. "पर ती कशाला बंद करती?"

त्यानंतर बराच वेळ मी तो हात सोडला नाही.