चिमटेकाकांच्या तीन चकत्या

आमच्या प्रयोगशाळेत पाठीमागे सगळे त्यांना चिमटेकाका म्हणायचे, तोंडावर नुसतं काका. चिमट्याशिवाय कशाला हात लावायचे नाहीत. घरी शेंगदाणेही चिमट्यानेच खात असतील, अशी आमची खात्री होती.

आमचं काम म्हणजे प्लास्टिकच्या बटणाएवढ्या चकत्या कापायच्या, पुसायच्या, वजन करून तबकात बसवायच्या. ते तबक अवकाश स्थानकाच्या बाहेर वर्षभर उघडं राहतं. तिथे ऑक्सिजनचे सुटे अणू प्लास्टिक कुरतडत बसतात, शिवाय कडक ऊन. परत आलं की पुन्हा वजन, म्हणजे किती झिजलं ते कळतं. काकांनी बारा वर्षं खपून, तिथे झिजू नये अशी स्वतःची एक प्लास्टिकची फिल्म तयार केली होती. दोनदा तिची चाळण होऊन परत आली होती. ही तिसरी खेप, आणि शेवटची, कारण तबक परतल्यावर दोनच महिन्यांत ते निवृत्त होणार होते.

त्या फिल्मच्या तीन चकत्या बसवायच्या होत्या मला, आणि मी शेण खाल्लं. थंडीने हात भेगाळले होते, म्हणून सकाळी क्रीम चोपडलं होतं. क्रीम लावून आत यायचं नाही, हे दारावरच लिहिलंय. मी म्हटलं, हातमोजे आहेत की! पण ते मोजे मी त्याच हातांनी, बोटांकडून ओढून चढवले. चिमट्याने चकत्या नीट बसेनात, तेव्हा तिन्हींवरून बोट फिरवून दाबल्या. तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही, खोटं कशाला सांगू?

वर्षाने तबक परत आलं. बाकीच्या चकत्या पांढुरक्या, झिजून पातळ. काकांच्या तिन्ही लखलखीत! त्यांनी चारदा वजन केलं आणि चक्क माझे दोन्ही हात धरले.

"अगं, टिकली!"

नव्या उपग्रहाच्या आवरणासाठी तीच फिल्म घ्यायचं ठरू लागलं. काका दिसेल त्याला चहा पाजत होते. मला मात्र तिन्हींवरून फिरवलेलं ते क्रीमचं बोट आठवत होतं. क्रीममध्ये सिलिकॉन असलं तर वर त्याचा काचेसारखा थर होतो आणि खालचं प्लास्टिक वाचतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. घरी जाऊन ट्यूब वाचली. सिलिकॉन होतंच.

"गप्प बस की, कुणाला कळणारे?" नवरा म्हणाला.

कुणाला कळणारे म्हणे! वर उपग्रहाची साल निघाल्यावर सगळ्या जगाला कळलं असतं. तरी चार दिवस मी मूग गिळून बसले. त्या चार दिवसांची लाज मला अजून वाटते.

पाचव्या दिवशी सगळं सांगून टाकलं. काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी मोजे कसे चढवले ते त्यांनी विचारून घेतलं, फोन उचलला आणि उपग्रहवाल्यांना सांगितलं, "आमचा निकाल धरू नका. तो बाद आहे." मग फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"पुढचं तबक कधी जातंय?"

"दीड वर्षाने, काका."

"म्हणजे माझी फिल्म खरंच चांगली होती की नव्हती, हे मी इथे असेपर्यंत..."

"नाही कळणार, काका," मी म्हटलं.