अकरा गेज आणि साहेबांची घाई

धुळ्याच्या एका पंप कारखान्यातल्या खरेदी अधिकाऱ्याइतका बिनडोक माणूस मी पाहिलेला नाही. आणि त्याचं ऐकणारा मी, म्हणजे त्याच्याहून एक पायरी खालचा.

जळगावच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही गेज बनवतो. भोक बरोबर मापाचं पडलंय का, हे तपासायची पोलादी कांडी. एक टोक भोकात सरकलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे, आणि दोन्हींतला फरक केसापेक्षा बारीक. साहेबांना अशी अकरा हवी होती, चार मापांची. ते वर्कशॉपवर आले तेव्हा मी दहा आठवडे सांगितले.

"अकरा काड्या घासायला दहा आठवडे? आमच्याकडे दिवसाला ढीगभर पंप निघतात!"

निघत असतील. शेवयाही निघतात.

तरी मी समजावलं. पोलाद तापवून कडक करून देणारा भट्टीवाला आपल्या अकरा कांड्यांसाठी भट्टी पेटवत नाही, त्याच पोलादाचा आणखी माल जमेपर्यंत थांबावं लागतं. कडक केलेलं पोलाद पुढे कित्येक दिवस आतल्या आत फुगतं. म्हणून थोडं घासायचं, ठेवून द्यायचं, पुन्हा घासायचं. शिवाय दर दोन-तीन नगांनी माप बदललं की मशीनची मांडणी मोडून नव्याने करायची. साहेब मोबाइलवर बोट फिरवत होते. मग उठले, मापाच्या एसी खोलीत शिरले आणि एक गेज घामट मुठीत धरून बाहेर उन्हात गेले. नीट दिसावं म्हणून! मे महिना होता, आणि तापलं की पोलादाचं माप बदलतं.

त्यानंतर रोज फोन. "जमत नसेल तर दुसरीकडून मागवतो." सहाव्या आठवड्यात मी घाबरलो. ग्राइंडिंगवर उभं आयुष्य काढलेल्या आमच्या नानांना म्हटलं, शेवटचा हात फिरवून टाका.

"भाऊ, माल आजून कच्चा शे. राहू दे."

"साहेबांना घाई आहे, नाना."

"साहेबले घाई शे. पोलादले नही."

मी मालक होतो. नानांनी काम उरकलं. त्या दिवशी माप अचूक भरलं आणि माल गेला. साहेब फोनवर म्हणाले, "बघा, मनात आणलं की होतं!" मी हसलो. त्या लाळघोट्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

दोन महिन्यांत गेज फुगली. बरोबर मापाच्या भोकातही ती सरकेनात, आणि चांगले भाग नापास होऊ लागले. गेज चुकत असेल ही शंकाही साहेबांना आली नाही. त्यांनी भोकंच मोठी करायला लावली. शिरपूरपर्यंत गेलेले पंप गळत परत आले. मला धुळ्याला बोलावलं.

कारखान्याच्या मॅनेजरसमोर मी म्हणालो, "चूक माझी. माल कच्चा असताना पाठवला. नवीन बनवतो, पण दहा आठवडे लागतील."

"घ्या की," साहेब म्हणाले. "घाई करा असं कुणी म्हटलं होतं तुम्हाला?"

रोजचे ते फोन माझ्या तोंडापर्यंत आले आणि तिथेच राहिले. पुढची ऑर्डर हवी होती ना!

नव्या गेजना साडेदहा आठवडे लागले. नानांनी हो म्हटल्याशिवाय एकही हलवलं नाही. ती अजून बरोबर माप दाखवतात. साहेबांना बढती मिळाली. आता ते आम्हा पुरवठादारांना वर्षातून एकदा बोलावून 'दर्जा आणि संयम' यावर भाषण देतात. मी जातो. पुढच्या रांगेत बसतो आणि टाळ्याही वाजवतो.